डॉक्टर, एमबीए आणि स्वतःचा उद्योग: नाशिकच्या डॉक्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न फोनवर येतात, व्हॉट्सॲपवर येतात, आणि डॉक्टरांच्या असोसिएशनच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये तर हमखास येतात. तेच तेच उत्तर पुन्हा सांगण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवलं आहे. काही उत्तरं एकमेकांशी जोडलेली आहेत, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी डॉक्टर आहे, एमबीएला बसता येतं का? बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस चालतं का?

चालतं. एमबीएला कुठल्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी लागते. राज्याच्या सीईटीला आणि कॅटला खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के गुण लागतात, नियमांत बसणाऱ्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के. अडचण येते ती गुणपत्रिकांची. आपल्या परीक्षा प्रोफेशनलनिहाय, म्हणजे अभ्यासक्रमाच्या टप्प्यांप्रमाणे होतात, त्यामुळे एकत्रित टक्केवारी कुठेच छापलेली नसते. सगळ्या प्रोफेशनलची बेरीज करून ती काढा आणि विद्यापीठाकडून आधीच तसा दाखला घेऊन ठेवा. इंटर्नशिप चालू असेल तर ती प्रवेशाच्या तारखेआधी संपते का, हे पाहा. ती पूर्ण झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही.

२. नाशिक न सोडता एमबीए करता येतं का?

येतं. पूर्णवेळ करायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न व्यवस्थापन महाविद्यालयं शहरात आहेत. प्रॅक्टिस सांभाळून करायचं तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच गंगापूर धरणाजवळ आहे. ऑनलाइन एमबीए विकणारे फोन तर रोज येतातच. त्यांना एकच विचारा: या वर्षासाठी, या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का? विद्यापीठाला मान्यता असणं आणि त्या अभ्यासक्रमाला असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शहानिशा यूजीसीच्या यादीत करा, सेल्समनच्या माहितीपत्रकात नको.

३. साधं एमबीए करू की हॉस्पिटल मॅनेजमेंट?

मोठ्या रुग्णालयाच्या प्रशासनात नोकरी करायची असेल तर हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन. त्यातही वाटा आहेत: नीट-पीजीतून एमडी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा मास्टर्स, इग्नूची रुग्णालय आणि आरोग्य व्यवस्थापनाची पदविका. स्वतःचं काही उभं करायचं असेल तर साधं एमबीए घ्या आणि त्यात वित्त हा विषय चुकवू नका. रुग्णालय कसं चालतं हे तुम्ही इंटर्नशिपपासून पाहिलंय. ताळेबंद वाचायला मात्र कुणी शिकवलेलं नसतं, आणि डॉक्टर नेमके तिथेच मार खातात.

४. एमडी चालू असताना सोबत एमबीए चालेल का? यूजीसीने तर दोन पदव्यांना परवानगी दिली आहे.

यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली हे खरं. एक पदवी प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन, अशी जोडी त्यात बसते. पण एमडी-एमएस ही पूर्णवेळ निवासी जबाबदारी आहे आणि तिचे नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे. यूजीसीचं पत्रक दाखवून निभावेल असं गृहीत धरू नका, डीनकडून लेखी घ्या. माझं मत विचाराल तर रेसिडेन्सीत हे करूच नका. छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर वाचलेला कॉस्टिंगचा धडा दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

५. एमबीए झाल्यावर डॉक्टरला नोकरी कोणती मिळते?

रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक, ऑपरेशन्स, गुणवत्ता आणि एनएबीएच या रुग्णालय-मानांकनाचं काम. विमा कंपन्यांत आणि टीपीएत (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांत) दावे तपासण्याचं काम. औषध कंपन्यांत मेडिकल अफेअर्स, शिवाय आरोग्य-तंत्रज्ञान कंपन्या आणि सल्लागार संस्था. शेवटचे तीन प्रकार बहुतेक मुंबई-पुण्यात आहेत. नाशिकमध्येच राहायचं तर पर्याय रुग्णालय प्रशासनापुरते आवळतात, आणि इथल्या बऱ्याच रुग्णालयांत मालक डॉक्टरच प्रशासक असतो. त्यामुळे नाशिककरासाठी ‘नोकरी की स्वतःचं’ या प्रश्नात बऱ्याचदा ‘नाशिक की पुणे’ हा प्रश्न लपलेला असतो. आधी तो घरात बसून सोडवा.

६. मग नोकरी की स्वतःचा उद्योग? ठरवायचं कसं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. तीन गोष्टी तपासा.

एक, तुमच्यामागे किती महिन्यांचा घरखर्च बाजूला पडलेला आहे? दीड वर्ष काहीच आलं नाही तरी मुलांच्या फी आणि घराचा हप्ता निघतो का? निघत नसेल तर आधी नोकरी करा. त्यात कमीपणा काही नाही.

दोन, ज्या कामात पडायचंय त्यातला कंटाळवाणा भाग तुम्ही करून पाहिलाय का? डायलिसिस सेंटर काढायची इच्छा सगळ्यांना असते. आरओ पाण्याच्या तपासण्या, यंत्र बंद पडलं की इंजिनिअरची वाट पाहणं आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दाव्यांचा पाठपुरावा हे रोजचं काम असतं. सहा महिने कुणाच्या तरी सेंटरमध्ये पगारावर राहून ते पाहून या.

तीन, आणि माझ्या मते ही सगळ्यात मोठी: तुम्ही आठवडाभर गावाला गेलात तर पैसे येत राहतील का? याचं उत्तर पुढच्या प्रश्नात.

७. स्वतःचा दवाखाना म्हणजे उद्योजकताच ना?

नाही. स्वतःच्या हाताने चालणारा दवाखाना म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेली नोकरी. चांगली असते, प्रतिष्ठेची असते, पण डॉक्टर आजारी पडला की गल्ला बंद. उद्योग तेव्हा सुरू होतो जेव्हा काम एका माणसाच्या कौशल्यातून निघून पद्धतीत उतरतं.

याचं भारतातलं ठळक उदाहरण म्हणजे मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी सेवेतून निवृत्त झाले आणि १९७६ मध्ये ११ खाटांवर त्यांनी सुरुवात केली. त्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे टप्पे पाडले. सर्जनने तेवढं सर्जनचं काम करायचं, बाकीचं सगळं प्रशिक्षित मुली करणार. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जिवावर मोफत रुग्णांची शस्त्रक्रिया होऊ लागली. पुढे डोळ्यात बसवायचं आयात भिंग परवडेना म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंग स्वतः बनवायला घेतलं. वेंकटस्वामींनी स्वतः एमबीए केलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. पण खर्च कुठे होतो हे ते नेमकं जाणून होते.

तुमच्या दवाखान्यात कुठला भाग तुमच्याशिवाय होऊ शकतो, याची यादी कागदावर काढा. यादी दोन ओळींची झाली तर तुम्ही प्रॅक्टिसच करा, सुखाने करा.

८. दवाखाना परवडायला रोज किती पेशंट लागतात?

तुमचे आकडे घालून काढा. समजा, इंदिरानगरात गाळ्याचं भाडं ४५,०००, दोन माणसांचा पगार २८,०००, वीज-इंटरनेट-जैववैद्यकीय कचरा वगैरे १२,००० आणि कर्जाचा हप्ता ३५,०००. महिन्याला १,२०,००० झाले. फी ४०० धरली आणि दर पेशंटमागे ४० रुपयांचं सामान गेलं तर हातात ३६० उरतात. १,२०,००० भागिले ३६० म्हणजे महिन्याला ३३४ पेशंट. पंचवीस दिवस धरले तर रोज साधारण १३.

इथे बहुतेक जण थांबतात आणि खूश होतात. पण तुमचा स्वतःचा पगार कुठे आहे? नोकरीत १,२०,००० मिळत असते तर तेही खर्चात धरा. मग रोज २७ पेशंट लागतात. तेरा ते सत्तावीसच्या मधे जितके दिवस तुम्ही अडकाल, तितके दिवस दवाखाना तुमच्या खिशातून चालतोय. एमबीएत याला संधी-खर्च म्हणतात. आपल्याकडे ‘घरचंच आहे, धरायचं कशाला’ म्हणतात.

९. नाशिकमध्ये नेमकी संधी कुठे आहे? कॉलेज रोडला तर दर चौथ्या इमारतीत हॉस्पिटल आहे.

म्हणूनच कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि मुंबई नाका या भागांत आणखी एक तसंच रुग्णालय काढायच्या आधी दहादा विचार करा. त्याऐवजी पुढची कामं पाहा.

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहती. कारखान्यांना कामगारांच्या वैद्यकीय तपासण्या, नोंदी, प्रथमोपचार केंद्र हे सगळं लागतं. एएफआयएच हा औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केलेले डॉक्टर मोजके, आणि त्यातले वेळेवर अहवाल देणारे त्याहून मोजके. दहा कारखान्यांशी वर्षाचा करार झाला की ते उत्पन्न पेशंटच्या गर्दीवर अवलंबून राहत नाही. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांमध्ये जाऊन बसायला लागा. तिथे डॉक्टर कमी दिसतात.

घरी जाऊन सेवा. मुलं पुण्यात किंवा परदेशात आणि आई-वडील गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, अशी घरं वाढली आहेत. इथे खरं आव्हान माणसं मिळवणं आणि टिकवणं हे आहे. परिचारिका आज रुजू होते आणि महिन्याने दुसरीकडे जाते.

तालुक्याची ठिकाणं. दिंडोरी, निफाड, चांदवड, येवला भागातला पेशंट नाशिकला येतो कारण तपासण्या इथे होतात. पण शेतकऱ्याच्या हातातला पैसा हंगामी असतो. द्राक्षं उतरली आणि लासलगावला कांद्याला भाव मिळाला, की राहून गेलेल्या शस्त्रक्रिया होतात. पाऊसकाळात उधारी वाढते. बँकेला दिलेल्या अंदाजपत्रकात बाराही महिने सारखं उत्पन्न दाखवलं असेल, तर ते नाशिकचं अंदाजपत्रक नव्हे.

२०२७ च्या सिंहस्थाबद्दलही खूप जण विचारतात. गर्दी काही पर्वण्यांची असते, इमारतीचं कर्ज पंधरा वर्षांचं. त्यावर कायमचा प्रकल्प उभारू नका.

१०. दहा-पंधरा खाटांचं नर्सिंग होम काढायचंय. परवानग्या कोणत्या?

महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. इथे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ चालतो, आणि त्याचे नियम २०२१ मध्ये बदलले. शहरात नोंदणी महापालिकेकडे करायची, तिची मुदत तीन वर्षं. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं.

त्याशिवाय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, २०१६ च्या नियमांप्रमाणे. ही खाट नसलेल्या साध्या ओपीडीलाही लागते, हे अनेकांना माहीत नसतं. एक्स-रे किंवा सीटी असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालची नोंदणी. सोनोग्राफीत ‘आधी मशीन आणू, मग नोंदणी करू’ हा विचारच करू नका, यात तुरुंगवासाची तरतूद आहे. दहा कर्मचारी झाले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), वीस झाले की भविष्य निर्वाह निधी.

घोडं अडतं ते बहुधा अग्निशमनावर. जागा घेताना ओळखीतून स्वस्तात मिळाली म्हणून राहत्या इमारतीतला मजला घेतला जातो. नंतर कळतं की जिना एकच आहे, मंजूर नकाशात वापर निवासी आहे आणि सोसायटी पाण्याची टाकी बसवू देत नाही. जागेचं टोकन देण्याआधी अग्निशमनाचा परवानाधारक सल्लागार आणि आर्किटेक्ट दोघांना जागेवर न्या. त्यांची फी वाचवू नका. परवानगी मिळाल्यावरही दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो.

११. चार मित्र मिळून हॉस्पिटल काढतोय. करारनाम्याची खरंच गरज आहे का? आमची मैत्री वीस वर्षांची आहे.

मैत्री जुनी आहे म्हणूनच करा. भांडणं ठरावीक जागीच होतात. एकाने जागा दिली, त्याला भाडं द्यायचं की हिस्सा? सर्जनमुळे बिल मोठं होतं, पण पेशंट फिजिशियन आणतो, मग नफा कसा वाटायचा? एकाची पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नंतर रुजू झाली, ती भागीदार की सल्लागार? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याच्या हिश्शाची किंमत कोण आणि कशी ठरवणार?

प्रत्येकाला तीन वेगळे पैसे द्या: कामाची फी, गुंतवणुकीवरचा नफा आणि जागा दिली असेल तर भाडं. हे तिन्ही एका ‘हिश्शा’त कोंबले की पाचव्या वर्षी वकील लागतो.

१२. प्रोप्रायटरशिप, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) की प्रायव्हेट लिमिटेड?

एकट्याची प्रॅक्टिस असेल तर प्रोप्रायटरशिप पुरते. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर (रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाख) निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरायची सोय मिळते. डॉक्टर तिला अजूनही ४४एडीए या जुन्या कलमाच्या नावानेच ओळखतात. ही सोय एलएलपीला आणि कंपनीला नाही. बाहेरचा गुंतवणूकदार हवा असेल तर प्रायव्हेट लिमिटेडच.

एक गैरसमज मोठा आहे. कंपनी केली म्हणजे निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटका, असं नाही. व्ही. पी. शांता प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. उपचार तुम्ही केला असेल तर जबाबदारी तुमची स्वतःची राहते. कर्जाच्या बाबतीतही बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागतेच. त्यामुळे डॉक्टरचा आणि रुग्णालयाचा असे दोन वेगळे व्यावसायिक विमे घ्या.

१३. तारण नाही. कर्ज मिळेल का?

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना सीजीटीएमएसई या कर्ज-हमी निधीच्या हमीवर तारणाशिवाय कर्ज देता येतं. हमीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी आहे. पण ‘देता येतं’ आणि शाखा व्यवस्थापक ‘देतो’ यात फरक असतो. तो भरून निघतो प्रश्न ८ मधल्या हिशोबाने आणि तीन वर्षांच्या स्वच्छ विवरणपत्रांनी. उत्पन्न कमी दाखवून वाचवलेला कर कर्जाच्या दिवशी महागात पडतो.

१४. मार्केटिंग शिकलो, आता दवाखान्याची जाहिरात करू का?

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ चे आचारसंहितेचे नियम लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. जुन्या नियमांत पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही काळ बाहेर होतो आणि परत आलो, अशी निवेदनं चालतात.

मग मोठ्या रुग्णालयांचे होर्डिंग कसे चालतात? वैद्यक परिषदेचा बडगा उगारला जातो तो नोंदणीकृत डॉक्टरवर. होर्डिंगवर चेहरा तुमचा असेल तर नोटीसही तुम्हालाच येऊ शकते, मार्केटिंग व्यवस्थापकाला नाही. बीएएमएस-बीएचएमएसच्या मित्रांना वेगळ्या परिषदा आहेत, पण मधुमेह कायमचा बरा करण्यासारखे दावे १९५४ च्या जादुई उपचार कायद्यात सगळ्यांनाच अडकवतात.

१५. रेफरलचं, म्हणजे पेशंट पाठवणाऱ्याला द्यायचं कमिशन हा ‘मार्केटिंगचा खर्च’ धरायचा का?

नाही. २००२ च्या नियमांत कट देणं आणि घेणं दोन्ही गैरवर्तन आहे. आणि धंद्याच्या नजरेने पाहिलं तरी ज्याचा पेशंट विकत घेतला, तो उद्या जास्त देणाऱ्याकडे जाणार.

१६. बायकोच्या नावावर मेडिकल काढलं तर?

डॉक्टरने स्वतः औषधांचं खुलं दुकान चालवू नये, असं तेच नियम सांगतात. स्वतःच्या पेशंटला औषध देणं वेगळं, त्याला सूट आहे. घरच्या माणसाच्या नावाने अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, किमान दहा चौरस मीटर जागा आणि प्रत्यक्ष हजर असणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल तर दुकान कायदेशीर आहे. भाड्याने घेतलेल्या सर्टिफिकेटवर चालणारं दुकान नाही. आणि औषध इथूनच घ्या, अशी सक्ती पेशंटवर करता येत नाही.

१७. डॉक्टरला जीएसटी नसतो ना?

उपचाराला नसतो. पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्रक्रिया, सल्लागाराचं काम, ओपीडीत विकलेली औषधं आणि आयसीयू सोडून दिवसाला ५,००० रुपयांवरचं खोलीभाडं करपात्र आहे. खाचखळगा पुढे आहे. समजा, प्रॅक्टिसचे ३० लाख करमुक्त आहेत आणि कारखान्याला व्यवस्थापनाचा सल्ला देऊन दोनच लाख मिळाले. सेवांसाठी २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त जमाही धरतात. म्हणजे त्या दोन लाखांसाठी नोंदणी करावी लागते. प्रश्न ९ मधले कारखान्यांचे करार करणाऱ्यांनी सीएला हे आधी विचारावं, कारण त्यातलं उपचार-निदान कुठे संपतं आणि इतर सेवा कुठे सुरू होते, हे कराराच्या शब्दांवर ठरतं.

१८. मी सरकारी सेवेत आहे. पत्नीसोबत कंपनीत संचालक होऊ का? आणि शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेचा बाँड शिल्लक असेल तर?

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही. पगार न घेता संचालक झालो, हा बचाव करायच्या भानगडीत पडू नका. कंत्राटी असाल तर करारपत्रातली अट वाचा. बंधपत्राची सेवा आधी पूर्ण करा. एमबीएचा अभ्यास मात्र परवानगी घेऊन त्या काळातही सुरू करता येतो.

१९. माझ्या डोक्यात एका उपकरणाची कल्पना आहे. अंबडला बनवून घेऊन विकू का?

अंबड-सातपूरला प्लास्टिक मोल्डिंगपासून अचूक यंत्रकामापर्यंत सगळं होतं, नाशिकची ही खरी जमेची बाजू. पण वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये उपकरणांचे जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, सी आणि डीचा केंद्रीय औषध नियंत्रक. चाचणीसाठी नमुने बनवायलाही वेगळा परवाना लागतो. आयआयटी मुंबईचं बेटिक हे केंद्र डॉक्टरांच्या कल्पनांवर काम करतं, आणि बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं.

कॉन्फरन्समध्ये पोस्टर लावण्याआधी पेटंटचा प्राथमिक अर्ज करा. त्यानंतर पूर्ण तपशिलासाठी बारा महिने मिळतात. आधी टाळ्या घेतल्या तर पेटंट हातचं जाऊ शकतं.

२०. उद्योग चालला नाही तर परत प्रॅक्टिस करता येईल का?

येईल, नोंदणी जिवंत ठेवली असेल तर. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. कंपनीच्या धावपळीत हे पॉइंट देणारे सीएमई (निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे कार्यक्रम) राहून जातात आणि ऐन गरजेच्या वेळी नोंदणी लटकते. सर्जन असाल तर आठवड्यातून एक दिवस तरी ओटीत जात राहा. हात बसलेला असतो तोवर ठीक, दोन वर्षांच्या खंडानंतर भूलतज्ज्ञ मित्रसुद्धा आधी विचारतो, ‘शेवटची केस कधी केली होतीस?’